उपडी शेगडी

मासीमांची शेगडी पत्र्याच्या बादलीची होती. बादलीला आतून मातीचा जाड लेप, मध्यावर आडव्या बसवलेल्या लोखंडी सळ्या आणि खाली राख पडायला कापलेलं चौकोनी तोंड. कोळशाच्या भुकटीचे वाळवलेले गोळे तीत जळायचे. सकाळी त्या कडी धरून ती बादली दाराबाहेर आणत, धूर सरला की परत आत नेत. कालव्याकाठच्या त्या वस्तीत बऱ्याच घरांत गॅस आला होता. मासीमांकडे मात्र शेगडीच होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या हातांनी लिंपलेली होती.

मासीमा म्हणजे मावशी. बंगालीत कुठल्याही वयस्क बाईला अशी हाक मारतात. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. कुणाचंच लिहीत नाही, कारण मी त्यांना विचारलेलं नाही.

मी त्या वस्तीत कशी पोचले ते थोडक्यात सांगायला हवं. माझे वडील गवंडी. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांनी लोकांची घरं बांधली. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. तीही स्थापत्य अभियांत्रिकीची, तेव्हा वडिलांना ती आपलीच पदवी वाटे. ती मला मिळाली ती शाळेतल्या गणिताच्या बाईंमुळे, शिष्यवृत्तीमुळे आणि आईने चार वर्षं वसतिगृहात पोळ्या लाटल्या म्हणून. हे मी रोज आठवत नाही, पण विसरलेही नाही. लग्नानंतर नवऱ्याची बँकेतली बदली कोलकात्याला झाली आणि आम्ही तिथल्या बेहाला भागात भाड्याने राहू लागलो. मुलगी इथेच शाळेत गेली. तिचं मराठी आता बंगाली चालीचं आहे.

इथे मला एका लहानशा संस्थेत काम मिळालं. वस्तीतल्या लोकांनी आपल्या घरांचा आराखडा आपणच करायचा आणि आम्ही त्यांना मदत करायची, असं ते काम. मोजपट्टीचं दुसरं टोक धरायचं, ते सांगतील ते कागदावर उतरवायचं, सरकारी कार्यालयाला समजेल अशा रेघांत मांडायचं. मला हे फार आवडलं. वडिलांचा ओळंबा आणि माझी पदवी पहिल्यांदाच एका जागी उपयोगाला येत होती.

कालवा रुंद होणार होता आणि काठावरची घरं उठणार होती. तिथल्या बायकांनी कित्येक महिने खेटे घालून एवढं मान्य करून घेतलं होतं की शेजारच्या बंद कारखान्याच्या मोकळ्या जागेत त्यांना इमारत बांधून मिळेल, एका कुटुंबाला एक खोली, आणि खोली कशी असावी ते त्या स्वतः ठरवतील. बायकांची एक समिती होती. तिची प्रमुख एका खाजगी रुग्णालयात आया होती. सगळे तिला बडदी म्हणत, म्हणजे थोरली ताई. ती कमी बोलायची आणि बोलली की लोक ऐकायचे.

मासीमांची खोली मुलाच्या खोलीला लागून होती, मधे बांबूच्या चटईची भिंत. सून आणि त्या सहा वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. भांडण कशावरून झालं ते दोघींनीही मला वेगवेगळं सांगितलं, आणि ऐकताना दोघीही खऱ्या वाटल्या. वेगळं होणं म्हणजे इतकंच, की मासीमांचा भात त्यांच्या शेगडीवर शिजायचा आणि मुलाकडचा सुनेच्या गॅसवर. मुलगा, सून आणि तीन नातवंडं, अशी पाच माणसं पलीकडच्या खोलीत. मासीमा अलीकडच्या खोलीत एकट्या. त्या दोन घरची भांडी घासत आणि स्वतःचा तांदूळ स्वतः आणत. नव्या इमारतीत त्यांना स्वतःची खोली मिळणार, की पाचांच्या खोलीत सहाव्या म्हणून राहावं लागणार, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी जे सांगते आहे तेही एवढंच आहे.

कारखान्याच्या जागेत आम्ही एका रविवारी खऱ्या मापाची खोली जमिनीवर आखली. वडील पाया आखताना चुना वापरत. मी विटेची भुकटी वापरली. दार कुठे, खिडकी कुठे, मोरी कुठे हे बायका उभं राहून सांगत होत्या. कुणी खाट आणून ठेवली, कुणी तीन मुलांना ओळीने आडवं केलं आणि पाय रेघेबाहेर जातात म्हणून खोली लांबवायला लावली. मासीमा आपली शेगडी घेऊन आल्या. त्यांनी ती आखलेल्या खिडकीखाली ठेवली, जरा सरकवली, परत ठेवली. मग आखलेल्या दारातून बाहेर गेल्या आणि आत आल्या.

“मा,” त्या मला म्हणाल्या. बंगाली म्हाताऱ्या लेकीच्या वयाच्या बाईला प्रेमाने मा म्हणतात. “मा, या दाराला आतून कडी लागेल ना?”

मी म्हटलं, लागेल. कागदावर मी दाराशेजारी ‘आतून कडी’ असं लिहिलंसुद्धा. तशी गोष्ट आराखड्यात कुणी लिहीत नाही.

आता खोल्या किती, हे ठरवायचं होतं. म्हणजे कुटुंबं किती. हे वाटतं तितकं सोपं नसतं. दारं मोजावीत तर कुठे एका घराला दोन दारं, कुठे दोन घरांना एक. शिधापत्रिका मोजाव्यात तर निम्म्यांच्या गावाकडच्या. व्हॅनरिक्षा ओढणाऱ्या एका माणसाने खोलीत मधोमध साडीचा पडदा लावला आणि ही दोन कुटुंबं आहेत म्हणाला. तेव्हापासून लोक त्याला पडदाबाबू म्हणू लागले. मग बायकांनीच नियम काढला. एक उनून, एक घर. उनून म्हणजे चूल, मग ती मातीची असो, गॅसची असो, शेगडी असो. दार खोटं असू शकतं, कागद खोटा असू शकतो, पण एकत्र शिजवून खाणाऱ्यांना आपण कोण हे माहीत असतं. मला हा नियम इतका पटला की मी तो घरी फोन करून वडिलांना सांगितला. ते म्हणाले, “हे तुझ्या पुस्तकात नव्हतं ना?”

मोजणीच्या पहिल्या तालमीत मात्र गंमत झाली. आम्ही घरोघर जाऊन चुली मोजल्या, आणि एकच फुटक्या काठाची शेगडी दोन गल्ल्यांत दिसली. कुणीतरी ती मागच्या बाजूने पळवत नेली होती. सगळे हसले, पण बडदी हसली नाही. तिने दोन गोष्टी पक्क्या करून घेतल्या. चूल नुसती ठेवलेली चालणार नाही, पेटलेली हवी आणि वर हंडी चढलेली हवी. आणि मोजणी एकाच दिवशी, एकाच फेरीत, कार्यालयाच्या साहेबांसमोर होईल. त्या दिवशीची यादी अखेरची. त्यात नंतर कुणाचंही नाव घालायचं नाही. या ठरावावर सगळ्यांनी अंगठे आणि सह्या केल्या. मासीमांनीही केला. पडदाबाबूनेही केली, तोंड वाकडं करून.

राहिला दिवस. तो असा हवा होता की सगळे घरी सापडतील. वस्तीच्या क्लबच्या ओसरीवर सभा भरली होती, मागे कॅरम चालू होता. बायका आपसांत बोलल्या आणि एकमताने म्हणाल्या, भाद्र महिन्याचा शेवटचा दिवस. त्या दिवशी विश्वकर्म्याची पूजा, कारखाने बंद, रिक्षा बंद, पुरुष घरी पतंग उडवत असतात. आणि बायकाही मोकळ्या.

“वर्षातून तेवढा एकच दिवस आमच्या हातात पळी नसते,” एकजण म्हणाली. “आदल्या दिवशीच सगळं रांधून ठेवतो. सकाळपासून मोजत बसा.”

मी ते वहीत लिहिलं आणि खाली रेघ ओढली. आमच्याकडे वडील खंडेनवमीला थापी आणि ओळंबा पुजत, तसंच हे असणार अशी माझी समजूत झाली. कुठली पूजा, कुणाची, हे मी विचारलं नाही. चुलीवरून घरं मोजायची, आणि मोजणीला दिवस निवडायचा तो चूल न पेटवण्याचा. ज्या बायकांनी नियम केला त्यांनीच दिवस ठरवला, आणि मी दोन्ही गोष्टी समोरासमोरच्या पानांवर लिहून घेतल्या. तीसेक माणसं बसली होती. एकाच्याही लक्षात आलं नाही.

मोजणीच्या सकाळी साहेब छत्री घेऊन वेळेवर आले. सोबत एक कारकून. साहेब निवृत्तीला आलेले, मृदू बोलणारे गृहस्थ होते. पहिल्याच घरात शिरलो तर गॅसची शेगडी धुऊनपुसून लख्ख, तिला शेंदराचे टिळे, आणि समोर निवडुंगाची फांदी. दुसऱ्या घरात मातीची चूल, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या नक्षीने भरलेली, तिच्या तोंडाशी निवडुंग आणि कमळाची फुलं. आग कुठेच नाही. घरच्या बाईने हसून सांगितलं की आज रान्नापूजो. आज चूल विसावा घेते. तिच्यात मनसादेवी, सापांची देवी, येऊन बसते, तेव्हा तिला विस्तव लावायचा नाही. काल रांधलेला भात पाण्यात घालून आज खायचा.

मी फॉर्म हातात धरून उभी राहिले. फॉर्मवर माझ्याच अक्षरात रकाना होता, ‘चूल पेटलेली: होय/नाही’.

साहेबांना हसू आलं. म्हणाले, माझ्या घरीही सकाळी पाण्यातला भातच मिळाला, पण मोजणीच्या तारखेच्या पत्रावर सही करताना माझ्या डोक्यात आलं नाही. बडदीने कपाळाला हात लावला. मोजणी पुढे ढकलावी तर साहेबांची पुढची तारीख कधी मिळेल याचा नेम नव्हता आणि तोवर कालव्याचं काम सुरू होण्याची भीती होती. गल्लीतच उभ्याउभ्या विचार झाला आणि पाच मिनिटांत तोडगा निघाला. ज्या घरी पूजा असते तिथे पुजलेली चूल धरायची. ज्यांच्याकडे ही पूजा नसते, म्हणजे बिहारकडची घरं, मुसलमानांची घरं, तिथे पेटलेली. साहेबांनी मान डोलावली. सगळ्यांनी हो म्हटलं. मला आठवतं, मला त्या क्षणी अभिमान वाटला. मनात आलं, आमच्या कॉलेजात हे कुणी शिकवू शकलं नसतं.

शेवटच्या गल्लीत मासीमांचं घर. त्यांच्या दाराशी शेगडी धुऊन उपडी घातलेली होती, आणि तिच्या बुडावर ओलं फडकं वाळत होतं. मासीमा मुलाच्या खोलीतून बाहेर आल्या. धुतलेली पांढरी साडी, हातात ताट. ताटात पाण्यातला भात, अळूच्या देठांची भाजी, भोपळ्याची भजी, तळलेल्या हिलसा माशाचे दोन तुकडे. साहेबांनी आणि मी खाऊनच जायचं, असा त्यांचा आग्रह.

साहेबांनी विचारलं, “ही खोली कुणाची?”

“माझी.”

“चूल?”

“आज कुठली माझी चूल,” मासीमा म्हणाल्या. “पूजा घराची असते, माणसाची नसते. आज आम्ही एकच. बउमाच्या चुलीवर मांडली आहे, या ना, बघा.”

बउमा म्हणजे सून. ती दारात उभी होती, डोक्यावर पदर, आणि तिचा चेहरा समाधानाचा होता. नंतर मला कळलं की वेगळ्या झाल्यापासून दरवर्षी याच एका दिवशी सासू सुनेकडे जाते. आदल्या दिवशी दोघी मिळून भाजी चिरतात, दोघी मिळून मासे तळतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ज्याची त्याची चूल. वर्षातला तेवढा एक दिवस त्या घरात कुणी कुणाशी भांडत नव्हतं, आणि नेमक्या त्याच दिवशी आम्ही मोजायला गेलो होतो.

कारकुनाने लिहिलं, खोल्या दोन, चूल एक.

मी हिंदीत म्हटलं, साहेब, या वेगळं शिजवतात, मी स्वतः कितीदा बघितलंय. साहेब म्हणाले, “नियम माझा नाही. तुमच्या समितीने सांगितलं तर मी लिहीन.” आणि त्यांनी बडदीकडे पाहिलं.

बडदी मासीमांना लहानपणापासून ओळखत होती. आमच्या मागे गल्ली भरून माणसं उभी होती आणि त्यांत पुढेच पडदाबाबू होता, हाताची घडी घालून. मासीमांची शेगडी पेटलेली नव्हती आणि पुजलेलीही नव्हती. बडदीने एकदा उपड्या शेगडीकडे पाहिलं.

“नियम सगळ्यांना एकच,” तीही हिंदीतच म्हणाली.

मासीमांना हिंदी कळत नव्हती. काय ठरलं ते न कळता त्यांनी ताट माझ्यापुढे केलं. फॉर्मच्या खाली ‘नोंद घेणारी’ म्हणून माझी सही लागायची. मी सही केली आणि मग भात खाल्ला. ती भाजी फार चांगली झाली होती.

संध्याकाळी घरी मी हे सांगितलं तर माझी मुलगी म्हणाली, “आई, रान्नापूजोला चूल धरवत नाहीत, एवढं पण तू जाणत नाहीस?” तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली डब्यात तेच आणतात. आईला फोन केला तर ती म्हणाली, “अगं, आपली शीतलासप्तमी ती. आपण नाही का श्रावणात चुलीला हळदकुंकू लावून शिळं खायचो? विसरलीस?” मी विसरले नव्हते. मी लहान असताना त्या दिवशी चुलीशेजारी बसून थंड दहीभात खाल्ला आहे, आणि चुलीला आज चुकूनही विस्तव लागू नये म्हणून आई तिच्याजवळ सावलीसारखी बसून असे. फक्त ते इथे लागू पडेल, असं माझ्या डोक्यात आलं नाही.

यादी क्लबच्या भिंतीवर लागली. दुसऱ्या दिवशी मासीमा माझी वाट बघत कोपऱ्यावर उभ्या होत्या.

“मा, माझा नंबर कुठे?”

मी त्यांना सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “मी तर त्यांना खायला बोलावलं होतं.”

त्यानंतरचे महिने मी जे केलं ते सांगण्यासारखं फार नाही. कार्यालयात गेले. साहेबांनी चहा दिला, माझं सगळं ऐकलं, आणि वस्तीचा ठराव काढून दाखवला. ‘नंतर कुणाचंही नाव घालायचं नाही.’ खाली अंगठ्यांची रांग. ते म्हणाले, एरवी लोक येतात आणि म्हणतात आम्हाला न विचारता ठरवलंत. इथे तर सगळं तुम्हीच ठरवलंय, आता मी काय बदलू? त्यांचं खरं होतं. मी अर्ज लिहिला, त्यावर आवक क्रमांक पडला. दुसरा लिहिला, त्यावरही पडला.

समितीपुढे विषय मांडला. मी म्हटलं, चूक माझी आहे, दिवसाची चौकशी मी करायला हवी होती. कुणीतरी मागून म्हणालं, मग दीदी, तुमच्या फ्लॅटमधली एक खोली द्या. पडदाबाबू उभा राहिला. “मासीमांची शेगडी त्या दिवशी उपडी होती म्हणता. बरं. मग माझा पडदा त्या दिवशी धुवायला टाकला होता, असं लिहा.” सगळे हसले. मासीमाही हसल्या, आणि मग हसता हसता उठून घरी गेल्या.

सभा सुटल्यावर नळाशी बडदीने मला थांबवलं.

“तुम्हाला वाटतं मला वाईट वाटत नाही? ती माझ्या आईची मैत्रीण. माझ्या बाळंतपणात तिने मला आंघोळी घातल्या. पण तिचं एक नाव मी घातलं, तर उद्या माझ्या दारात वीस जण असतील. आणि त्यांचीही कारणं खरीच असतील, दीदी. खोटी असती तर सोपं होतं.”

मी घरी आराखडा पसरून बसत असे. जिन्याच्या बगलेत एखादी खोली निघते का ते बघे. नकाशा इंच-इंच मोजून बसवलेला होता. बायकांनीच मुलांचे पाय मोजून खोल्या लांबवल्या होत्या, त्यामुळे कुठे चार हात जागा शिल्लक नव्हती. जिन्याखाली काढली तर उंची बसेना, टोकाला काढली तर पलीकडच्या खोलीची खिडकी बंद होई. दिवाळीत वडील आले होते. त्यांनी चष्मा लावून नकाशा पाहिला, बोटाने भिंती मोजल्या. आकडे पाहण्याआधीच त्यांना कळलं असावं. शेवटी एवढंच विचारलं, “मग म्हातारीची शेगडी कुठं ठेवायची?” मी म्हटलं, मुलाच्या खोलीत गॅस आहे, शेगडीला जागा नाही. त्यांनी नकाशाची गुंडाळी केली आणि रबर लावून माझ्याकडे दिली.

मुलगा आणि सून यांचाही दोष नव्हता. त्यांनाही दुसरी खोली हवीच होती. सून एकदा मला म्हणाली, “आई आत आल्या तर मी कुठे जाऊ? आणि आल्या नाहीत तर लोक मला काय म्हणतील?” तिच्या मोठ्या मुलीची दहावी होती.

मधल्या काळात मासीमांना एक सवय लागली. मी गल्लीत दिसले की त्या शेगडी बाहेर आणून पेटवत. दुपारचे तीन असोत, त्यांचं जेवण झालेलं असो. भाताची वेळ नसे, म्हणून नुसतं पाणी चढवत. आधी मला वाटलं, माझ्यासाठी चहा ठेवतात. तसा त्या चहा करतही. पण एकदा त्या म्हणाल्या, “बघून ठेव, मा.” तेव्हा मला कळलं. त्यानंतर मी त्या गल्लीतून जायचं टाळू लागले. हे लिहायला बरं वाटत नाही, पण दोन-तीनदा मी क्लबच्या मागून वळसा घालून गेले. कोळसा फुकट येत नाही, असं मी मनाला सांगत होते.

पायाचं खोदकाम सुरू झालं. बायका रोज संध्याकाळी कुंपणाशी उभ्या राहून बघत. आपापली खोली कुठे येणार ते त्या हवेत बोट करून एकमेकींना दाखवत. बडदीने माझा हात धरून म्हटलं, तुम्ही नसता तर हे झालं नसतं. इतर कुणासाठी ते खरंही असेल. मासीमा कुंपणाशी कधी दिसल्या नाहीत.

मग पुन्हा भाद्राचा शेवटचा दिवस आला. मला बडदीच्या घरून जेवायचं बोलावणं होतं. आकाशात पतंग, कर्णे लागलेले, सगळीकडे धुतलेल्या अंगणांचा वास. कुठे म्हणून धूर नाही. कोपऱ्यावर वळले आणि मला धूर दिसला.

मासीमांच्या दारापुढे शेगडी पेटली होती. त्या तिच्याशेजारी पाटावर बसल्या होत्या, गेल्या वर्षीचीच पांढरी साडी नेसून. गल्लीतल्या बायका आपापल्या दारांत उभ्या होत्या, कुणी जवळ जात नव्हतं. एकजण मला कुजबुजत म्हणाली, काल सून दोनदा बोलवायला आली, भाजी चिरायला चला म्हणून, ही गेली नाही. आज ही आग. घरात साप निघाला तर कुणाच्या माथी? चटईच्या भिंतीपलीकडून सुनेचं रडणं ऐकू येत होतं, मोठ्याने नाही.

मी पुढे गेले. मासीमांनी मला बसायला सांगितलं नाही.

“गेल्या वर्षी विझलेली होती,” त्या म्हणाल्या. “आज आहे. लिही.”

मी म्हटलं, “मासीमा, साहेब या वर्षी येणार नाहीत.”

“तू तर आली आहेस. सही तुझीच होती.”

माझ्या पिशवीत त्या जुन्या फॉर्मचे दोन-चार कोरे कागद अजून होते. एक काढला. गल्ली बघत होती. मी त्यांचं नाव लिहिलं, खोली एक, माणूस एक, चूल एक. ‘चूल पेटलेली’ पुढे होय लिहिलं. ‘हंडी चढलेली’ असा पुढचा रकाना होता. शेगडीवर अॅल्युमिनियमचं पातेलं होतं आणि त्यात पाणी उकळत होतं. शेजारी सुपात तांदूळ धुऊन ठेवलेले होते. ते त्यांनी अजून टाकले नव्हते. इतकं करूनही त्यांचा हात तेवढ्यासाठी उचलत नव्हता.

त्यांनी माझी नजर पाहिली असावी. म्हणाल्या, “पाणी चालेल ना?”

मी म्हटलं, चालेल. रकान्यात होय लिहिलं आणि खाली सही केली. त्यांनी कागद हातात घेतला, सही कुठे आहे ते विचारलं, तिच्यावर बोट ठेवलं आणि परत दिला. हा जाईल ना, असं विचारलं. मी म्हटलं, मी स्वतः देईन.

दुसऱ्या दिवशी मी तो दिला. खिडकीतल्या माणसाने न वाचता आवकचा शिक्का मारला आणि नक्कल माझ्याकडे सरकवली. नक्कल मासीमांनी उशाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे. इमारतीचा दुसरा मजला चढला आहे. मी अजून त्या गल्लीतून जाते, आता वळसा घालत नाही. मी दिसले की त्या शेगडी बाहेर आणतात.